२४ मेगापिक्सेलच्या फाइलमधून ३०×४५ इंची प्रिंट: प्रदर्शनाआधी काय बघावं

तुमचा प्रश्न असा: कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, फोटो मुंबईच्या पावसाचे आणि गणपती विसर्जनाचे, दिवाळीनंतर काळा घोड्याला गॅलरी मिळाली आहे आणि सगळे फोटो ३०×४५ इंचांत लावायचे आहेत. लॅबवाले ३०० डीपीआयशिवाय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके असल्याशिवाय, फाइल घेत नाहीत आणि मित्र सांगतोय की ४५ मेगापिक्सेलचा कॅमेरा नसेल तर एवढ्या मोठ्या प्रिंटचा नादच सोड.

मित्राचं हे म्हणणं मनावर घेऊ नका. प्रदर्शनांसाठी प्रिंट काढून देणं हेच माझं काम आहे, आणि भिंतीवरची मोठी प्रिंट फसते तेव्हा पिक्सेल कमी पडले हे कारण क्वचितच असतं. प्रिंट काळवंडलेली असते, रंग मेलेले असतात, काचेत समोरची खिडकी दिसत असते, नाहीतर कागदाला लाटा आलेल्या असतात. हे सगळं टाळता येतं, पण त्यासाठी कामाचा क्रम उलटा धरावा लागतो. भिंत, तिथला उजेड आणि कागद आधी ठरवायचे, फाइलला हात त्यानंतर लावायचा.

तरी पिक्सेलची शंका आधी मिटवून टाकू. तुमची फाइल ६०००×४००० पिक्सेलची. ती ४५ इंचांवर पसरली की इंचाला १३३ पिक्सेल येतात. ४५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात लांब बाजूला साधारण ८२०० पिक्सेल असतात, म्हणजे इंचाला १८० च्या आसपास. मेगापिक्सेल जवळजवळ दुप्पट झाले, तरी प्रत्येक बाजूला वाढ झाली ती सुमारे सदतीस टक्के. आता बघणाऱ्याच्या डोळ्याचं. चांगली नजर असलेला माणूस एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखतो असं धरतात. एक मीटरवरून हा हिशेब इंचाला साधारण ८७ पिक्सेलचा होतो, अर्ध्या मीटरवरून १७५ चा. ३०×४५ ची प्रिंट एका नजरेत मावायला माणूस आपोआप सव्वा-दीड मीटर मागे उभा राहतो. तिथून १३३ पुरून उरतात. प्रिंटला नाक लावून बघणारे असतातच, त्यात जास्त करून फोटोग्राफर. त्यांना जवळून थोडा मऊपणा जाणवेल. पण विसर्जनाच्या गर्दीतला एक चेहरा जर फोटो पेलत असेल, तर त्या मऊपणाने त्या चेहऱ्याचं काही बिघडत नाही.

यासाठी घरच्या घरी एक तपासणी करता येते. साधा २४ इंची फुल एचडी मॉनिटर असेल तर त्यावर इंचाला सुमारे ९२ पिक्सेल असतात. तिथे फाइल १०० टक्क्यांवर उघडली की तुम्ही जवळपास ६५ इंच रुंद प्रिंटचा तुकडा बघत असता, आणि तोही दीड-दोन फुटांवरून. मग फोकस हललेला वाटतो आणि माणूस घाबरतो. फाइल ७० टक्क्यांच्या आसपास आणा, म्हणजे ४५ इंची प्रिंटचं खरं माप समोर येईल. खुर्ची हातभर मागे सारा आणि मग बघा. इथे चेहरा, डोळे, पावसाची धार पटली तर प्रिंटमध्येही पटेल. इथेच हात हललेला दिसत असेल, मिरवणुकीत संध्याकाळी १/३० सेकंदाच्या शटरला काढलेला असेल, तर तो फोटो लहान करा. तो कोणत्याही सॉफ्टवेअरने सुधारत नाही.

१०० टक्क्यांवर बघायचं ते एकाच कामासाठी: धुळीचे डाग. पावसाळी आभाळ म्हणजे एकसारखा राखाडी पट्टा, आणि सेन्सरवरची धूळ तिथेच उठून दिसते. फाइलमधला २० पिक्सेलचा ठिपका या मापाच्या प्रिंटमध्ये जवळपास चार मिलिमीटरचा होतो. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, पट्ट्या-पट्ट्यांनी सगळी फाइल तपासून एकेक डाग पुसा. कंटाळवाणं काम आहे, पण छापून झाल्यावर दिसलेल्या डागावर इलाज नाही.

आता लॅबवाल्यांचे ३०० डीपीआय. फाइलच्या माहितीत ७२ च्या जागी ३०० लिहिलं तर एकही पिक्सेल वाढत नाही, तो नुसता शिक्का आहे. त्यांना हवं असतं ते हे की फाइल प्रिंटच्या पूर्ण मापाची असावी, म्हणजे १३५००×९००० पिक्सेल. ही वाढ तुम्ही स्वतः करा, लॅबच्या मशीनवर सोडू नका, कारण शार्पनिंग, म्हणजे कडा धारदार करणं, वाढीनंतर करायचं असतं आणि ते तुमच्या नजरेखाली व्हायला हवं. रॉमधून, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ कच्च्या फाइलमधून, १६ बिटमध्ये (रंगांच्या जास्त बारीक पायऱ्यांत) काम करा. या मापाची १६ बिट टिफ सुमारे ७३० एमबीची होते, लॅबला देताना ८ बिटची चालते. मूळ फाइल व्हॉट्सअॅपवरून आलेली किंवा पाच वेळा सेव्ह केलेली जेपीईजी असेल तर मात्र तिच्यातले ८×८ पिक्सेलचे चौकोन मोठे होऊन भिंतीवर येतील. तिला प्रदर्शनातून वगळा.

फोटो मोठा करायला आता एआयवर चालणारी साधनं आली आहेत. अॅडोबचं सुपर रिझोल्यूशन २०२१ पासून आहे, ते दोन्ही बाजू दुप्पट करतं, आणि पानं, विटा, दोरखंड, समुद्राचं पाणी यांवर ते छान चालतं. यातली जी साधनं जास्त फेरफार करतात त्यांच्यापासून विसर्जनाच्या फोटोत जपून राहा. गर्दीतल्या मागच्या रांगेतले लहान चेहरे ती स्वतःच्या मनाने घडवतात, डोळे विचित्र होतात, आणि मंडळाच्या बॅनरवरची देवनागरी अक्षरं अक्षरांसारख्या दिसणाऱ्या रेघोट्या होऊन बसतात. लांबून कळत नाही, पण ज्या माणसाचा तो चेहरा आहे तो प्रदर्शनाला आला तर? माझा आग्रह असतो की माणसांच्या फोटोत साधी वाढ करावी आणि वर अगदी बारीक ग्रेन, म्हणजे फिल्मसारखी कणी, टाकावा. ग्रेनने डोळ्याला पकडायला काहीतरी मिळतं आणि कातडी प्लॅस्टिकची दिसत नाही. त्याच कारणासाठी रात्रीच्या फोटोतला नॉइजही (अंधारात येणारे बारीक ठिपके) घासून घासून काढू नका. स्क्रीनवर खुपणारा नॉइज कागदावर बराच विरतो.

सगळे फोटो ३०×४५ करायचा विचार मात्र सोडा, असं मी स्पष्ट सांगेन. ३०×४५ म्हणजे ९.४ चौरस फूट, २०×३० म्हणजे ४.२. कागद, शाई, माउंट, फ्रेम, सगळ्याचा खर्च क्षेत्रफळावर चढतो, म्हणजे सव्वादोन पट. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळ्याच प्रिंट मोठ्या असल्या की कुठलीच मोठी वाटत नाही. ज्या फोटोंत आत शिरावंसं वाटतं, गर्दी, समुद्र, आभाळ, असे तीन-चार मोठे करा. दोन माणसांमधला काही क्षण असेल तर तो २०×३० मध्ये जास्त जवळचा वाटतो, आणि तिथे तुमच्या फाइलला इंचाला २०० पिक्सेल आपसूक मिळतात. ठरवायच्या आधी जहांगीर आर्ट गॅलरीच्या गच्चीवरची गॅलरी आणि एनसीपीए या कलाकेंद्रातली पिरामल गॅलरी इथे फोटोंचं प्रदर्शन चालू असेल तेव्हा टेप घेऊन जा. कुठली प्रिंट किती लांबून बघावीशी वाटली ते पाहा आणि तिचं माप लिहून घ्या. घरी, वर्तमानपत्रं चिकटवून ३०×४५ चा तुकडा भिंतीवर लावून बघितला तरी डोळे उघडतात.

तुमच्या गॅलरीतही आधी जाऊन या, आणि दिवे लागलेले असताना जा. पिवळट स्पॉट लाइट असतील तर निळे आणि राखाडी रंग दबतात, पावसाच्या फोटोंना हे मारक आहे. दिवसाचा उजेड कुठून येतो, समोर खिडकी किंवा काचेचं दार आहे का, दिवे हलवता येतात का, हे व्यवस्थापकाला विचारा. एका प्रिंटवर किती उजेड पडणार यावर ती किती उजळ छापायची हे अवलंबून आहे.

इथून आपण सर्वांत जास्त येणाऱ्या तक्रारीकडे येतो: 'स्क्रीनवर छान होतं, प्रिंट काळी आली.' प्रिंटरचा यात बहुधा काहीच दोष नसतो. नवा मॉनिटर कारखान्यातून डोळे दिपवणाऱ्या उजेडावर लावून येतो, आणि त्यावर बघून तुम्ही फोटो गडद करत जाता. प्रिंटसाठी मॉनिटर चौरस मीटरला ८० ते १२० कँडेला (उजेडाचं एकक) इतका मंद हवा. मॉनिटरचा उजेड आणि रंग मोजणारा कॅलिब्रेटर उसना मिळाला तर उत्तम, नाहीतर एक कोरा पांढरा कागद चांगल्या दिव्याखाली मॉनिटरशेजारी धरा आणि स्क्रीनवरचं कोरं पान त्या कागदाइतकंच पांढरं दिसेपर्यंत मॉनिटरचा उजेड उतरवा. मग तुमच्या सगळ्या फाइली पुन्हा उघडा. निम्म्या अंधारलेल्या वाटतील. त्या तशा आहेतच, आता फक्त दिसायला लागल्या.

कागदाबद्दल बोलायला मला थांबवणं कठीण आहे, कारण फोटोचा स्वभाव तिथे ठरतो. पावसाचे फोटो, धुकट दादर चौपाटी, ओलं डांबर, छत्र्यांची गर्दी, हे सुती मॅट कागदावर फार सुंदर बसतं. हानेम्यूले कंपनीचा ३०८ जीएसएमचा (चौरस मीटरला ३०८ ग्रॅम) फोटो रॅग हा त्यातला सगळ्यांच्या ओळखीचा कागद. राखाडीच्या इतक्या छटा तो देतो की आभाळाला वजन येतं. पण मॅटवरचा काळा हा खरं तर गडद राखाडी असतो. विसर्जनाच्या रात्रीचे फोटो, काळं आकाश, त्यावर दिव्यांच्या माळा आणि गुलाल, हे मॅटवर छापले की जीव जातो. त्यांना बरायटा किंवा लस्टर, असा थोडी चमक असलेला कागद द्या, तिथे काळा खोल उतरतो. एका प्रदर्शनात दोन कागद वापरले तर विसंगत दिसेल अशी भीती असते. दोन विषय दोन भिंतींवर असतील तर नाही दिसत. शाई पिगमेंटचीच, म्हणजे बारीक रंगकणांची हवी, विरघळलेल्या रंगाच्या डाय शाईवर विसंबू नका. आणि अतिशुभ्र, निळसर झाक असलेल्या कागदांपासून लांब राहा. त्यांच्यातली चमक आणणारी रसायनं अतिनील किरणांवर चालतात. एलईडीत ते किरण फार कमी, म्हणून गॅलरीत ती शुभ्रता दिसतच नाही, आणि काही वर्षांनी कागद पिवळा पडतो तो वेगळाच.

रंगांत तुम्हाला दोनच रंग रडवतील. पहिला गुलाल. कॅमेऱ्यात लाल चॅनेल भरून वाहिलेला असतो आणि गुलालाने माखलेला चेहरा एकसपाट गुलाबी डाग होतो. कागदाला तेवढा भडक रंग मुळात छापताच येत नाही. दुसरा, वस्त्यांच्या छपरांवरच्या निळ्या ताडपत्रीचा. तो निळा प्रिंटमध्ये जांभळ्याकडे झुकतो. यासाठी लॅबकडून त्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल, म्हणजे त्यावर रंग कसे उतरतात याची फाइल, मागून घ्या आणि सॉफ्ट प्रूफ (प्रिंट कशी दिसेल याची स्क्रीनवरची झलक) लावून बघा. न छापता येणारे रंग तिथे दिसतात. मग सगळ्या फोटोची सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) उतरवू नका, फक्त गुलालाच्या गुलाबीची थोडी उतरवा आणि त्या भागातला उजेड-सावलीचा फरक वाढवा, म्हणजे भुकटीचा पोत परत येतो. ताडपत्रीचा निळा किंचित सियानकडे, म्हणजे हिरवट निळ्याकडे, सरकवा. रेंडरिंग इंटेंट, म्हणजे न छापता येणारे रंग बदलायची पद्धत, पर्सेप्च्युअल आणि रिलेटिव्ह कलरिमेट्रिक असे दोन्ही लावून बघा. गुलालाला मी बहुधा पहिला निवडते, पावसाच्या फोटोंना दुसरा, ब्लॅक पॉइंट काँपेन्सेशनसह (फोटोतला सर्वांत गडद काळा कागदाच्या काळ्याशी जुळवून).

लॅब निवडताना मशीन कुठलं यापेक्षा माणूस काय विचारतो ते बघा. मुंबईत मोठ्या रुंदीची मशीनं गल्लोगल्ली आहेत, पण त्यातली बरीच फ्लेक्स आणि व्हिनाइलसाठीची. तिथे 'सीएमवायके करून आणा', म्हणजे छपाईच्या चार शायांची फाइल आणा, असं सांगतात. पिगमेंट इंकजेटवर आठ ते बारा शाया असतात आणि त्याला आरजीबी (लाल-हिरवा-निळा) फाइलच लागते, प्रोफाइल आत जोडलेली. चांगला प्रिंट काढणारा तुम्हाला विचारतो की फोटो कुठे लागणार, काच असणार का, समास किती हवा. समासावरून आठवलं: ३० इंची बाजू रोलच्या रुंदीत घाला आणि ३६ इंची रोल मागा, म्हणजे दोन्हीकडे तीन-तीन इंच कोरा कागद राहतो. पुढे माउंट करताना बोटं तिथेच लागतात, फोटोवर नाही. वर 'लॅमिनेशन मारून देतो' असं कुणी म्हटलं तर सुती कागदाला साफ नको म्हणा. ज्या पोतासाठी एवढे पैसे मोजले तोच झाकला जातो.

अंतिम फाइल तयार झाली की पूर्ण प्रिंटची ऑर्डर अजून देऊ नका. फाइलमधून पूर्ण मापातच आठेक इंच रुंदीच्या पट्ट्या कापा. एकीत मुख्य चेहरा, एकीत सर्वांत गडद सावली, एकीत आभाळ. चार-पाच फोटोंच्या पट्ट्या एकाच तुकड्यावर शेजारी शेजारी छापून मिळतात आणि खर्च एका मध्यम प्रिंटइतकाच येतो. या पट्ट्या गॅलरीत घेऊन जा, भिंतीला धरा, दिव्याखाली बघा. सावलीत तपशील बुडाला तर मधल्या छटा थोड्या उचला. शार्पनिंगचा निर्णयही इथेच. ३०० वर मोठ्या केलेल्या फाइलमध्ये कडेभोवतीची उजळ रेघ तीनेक पिक्सेलपेक्षा रुंद नको, आणि स्क्रीनवर ते जरा जास्तच झालंय असं वाटायला हवं, विशेषतः मॅटसाठी, कारण कागद शाई पितो. माझ्याकडे कुणी पट्टी न काढता थेट मोठी प्रिंट मागितली तर मी आधी पट्टीच काढते. पट्टीशिवाय मला स्वतःच्या नजरेचाही भरवसा वाटत नाही.

आता मुंबईची हवा. जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, सुती कागद ती शोषतो, कडा उचलल्या जातात आणि प्रिंटरचं हेड त्यांना घासतं. तुमचं प्रदर्शन दिवाळीनंतर आहे हे बरं झालं. पट्ट्या पावसात काढा, अंतिम प्रिंट मात्र ऑक्टोबरमध्ये पाऊस परतल्यावर. छापलेली प्रिंट किमान एक दिवस उघडी, सपाट ठेवा, वर आम्लरहित पातळ कागद. शाईतले द्रव उडून जायच्या आत फ्रेम बंद केली की काचेच्या आतून धुरकट थर चढतो.

फ्रेमवाल्याला तीन गोष्टी सांगून ठेवा. प्रिंट काचेला टेकता कामा नये, मध्ये माउंट (प्रिंटभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) किंवा स्पेसर (अंतर ठेवणारी पट्टी) हवा, नाहीतर दमट हवेत ती काचेला चिकटते आणि सोडवताना फाटते. मागे आम्लरहित बोर्ड हवा, नुसता हार्डबोर्ड नको, आणि सेलोटेप तर कुठेच नको. शिवाय फ्रेमच्या मागच्या कोपऱ्यांना बुचाचे ठोकळे लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांत हवा खेळते आणि बुरशी धरत नाही. काचेचं वजनही धरा: ३०×४५ च्या ३ मिलिमीटर काचेचं एकटीचं वजन साडेसहा किलो भरतं, तेवढ्याच अॅक्रिलिकचं तीन किलोच्या आसपास. अॅक्रिलिकला ओरखडे पटकन पडतात आणि ते धूळ ओढतं, तरी मोठ्या तीन-चार फ्रेमना तेच घ्या. आठवडाभराच्याच प्रदर्शनासाठी मॅट प्रिंट अॅल्युमिनियमच्या पॅनेलवर चिकटवून काचेशिवाय लावली तर सर्वांत सुंदर दिसते, प्रतिबिंबाचा प्रश्नच मिटतो. पण चिकटवलेली प्रिंट पुन्हा सुटत नाही, म्हणून विकायची प्रत वेगळी, रोलमध्ये ठेवा. पातळ सनबोर्डवर (फोमच्या हलक्या बोर्डावर) चिकटवू नका, या मापाला तो धनुष्यासारखा वाकतो.

नेताना फ्रेम आडव्या रचायच्या नाहीत. उभ्या, तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ, मध्ये पुठ्ठा, कोपऱ्यांना संरक्षण. या मापाची फ्रेम टॅक्सीत जात नाही, छोटा टेम्पोच करा आणि बरोबर कुणीतरी मागे बसा. लावताना प्रिंटचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर धरा, लहान-मोठ्या सगळ्यांचा तोच. दिवे मात्र सगळ्या प्रिंट लागल्यावर, शेवटी फिरवा. सव्वा-दीड मीटरवर उभं राहून काचेत दिवा किंवा स्वतःचं प्रतिबिंब दिसत नाही ना ते एकेका प्रिंटसमोर तपासा, आणि दिसत असेल तर फ्रेमच्या वरच्या बाजूला मागून बुचाचा आणखी एक ठोकळा घालून ती किंचित पुढे झुकवा.